स्थानकाशेजारी कोणी राहायचं?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचा नकाशा घ्या, एखाद्या लाइट रेल स्थानकावर कंपासचं टोक ठेवा आणि अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा. अर्धा मैल म्हणजे आठशे मीटर, रमतगमत चाललं तरी दहा-बारा मिनिटं. या वर्तुळात सुमारे ५०० एकर जमीन येते. आता तिला या शहरात अगदी अलीकडेपर्यंत बहुतेक ठिकाणी लागू असलेला नियम लावा: किमान ५,००० चौरस फुटांचा भूखंड आणि त्यावर एका कुटुंबाचं एक घर. रस्ते, शाळा, बागा वजा केल्या तर तिथे जेमतेम तीन हजार घरं बसतात. माणसं धरा सात-आठ हजार. तिकडे स्थानकात येणारी चार डब्यांची गाडी एका खेपेला पावणेआठशे प्रवासी नेऊ शकते, आणि गर्दीच्या वेळी अशा गाड्या दोन्ही दिशांनी दर आठ-दहा मिनिटांनी येतात. म्हणजे पोराबाळांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळा परिसर तासाभरात गाडीत बसून निघून जाईल, आणि पुढच्या तासाला फलाटावर कोणी उरणार नाही.

जमिनीखालून अब्जावधी डॉलरचे बोगदे काढायचे आणि वर मात्र माणसांची संख्या कायद्यानं बांधून ठेवायची, असा हा प्रकार. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सिअ‍ॅटलनं आणि त्याच्या उपनगरांनी तो दुरुस्त करायला घेतला आहे. त्यांनी काय केलं, कुठे कचरले आणि कुठे उशीर केला हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण रुळांपेक्षा मोठा प्रश्न त्यात आहे. सरकारी खर्चानं रेल्वे आली की शेजारची जमीन महाग होते. ही वाढलेली किंमत कोणाची? जमीनमालकाची, बिल्डरची की शहराची? बांधकामाचे नियम ज्या दिवशी बदलतात त्या दिवशी याचा निकाल लागतो. शहरानं त्या दिवशी आपला वाटा मागितला नाही, तर नंतर तो मागायला तोंड राहत नाही.

लाइट रेल ही ट्राम आणि मेट्रो यांच्या मधली व्यवस्था. ती कुठे रस्त्याच्या मधोमध सिग्नल पाळत धावते, कुठे खांबांवरून, कुठे बोगद्यातून. सिअ‍ॅटलची ‘लिंक’ १८ जुलै २००९ रोजी सुरू झाली. खरं तर शहराला याच्या कितीतरी आधी पूर्ण मेट्रो मिळाली असती. १९६८ साली त्यासाठी कर्जरोख्यांवर मतदान झालं. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी होकार दिला, पण कायद्याला ६० टक्के मतं लागत होती. १९७० साली पुन्हा मतदान झालं, तेव्हा तर निम्मीही मतं पडली नाहीत. सिअ‍ॅटलसाठी राखलेला केंद्राचा पैसा अटलांटाकडे गेला आणि तिथे मेट्रो उभी राहिली. पुढे १९९६, २००८ आणि २०१६ साली मतदारांनी स्वतःवर कर बसवून घेत लाइट रेलला मंजुरी दिली. यातल्या शेवटच्या योजनेचा आकडा ५४ अब्ज डॉलरचा होता.

मराठी वाचकाला हा भाग अगदीच परका नाही. मायक्रोसॉफ्ट रेडमंडला, अ‍ॅमेझॉन सिअ‍ॅटलला, आणि मधल्या बेलव्ह्यूपासून बॉथेलपर्यंत पुण्या-मुंबईहून गेलेली कितीतरी घरं. कोणाचा भाचा, कोणाची सून तिथे असतेच. फोनवर घरभाड्याचा आकडा ऐकून इकडच्या आईवडिलांना धक्का बसतो. त्या आकड्यामागे पगार आहेत हे खरं, पण जमिनीचे नियमही आहेत.

या नियमांना तिकडे झोनिंग म्हणतात. आपल्याकडे डीपी आणि डीसी रूल मिळून जे काम करतात तेच हे. कोणत्या भूखंडावर काय बांधायचं, किती उंच, किती एफएसआय, रस्त्यापासून किती अंतर सोडून, गाड्यांसाठी किती जागा ठेवून, हे सगळं त्यात येतं. सिअ‍ॅटलची पहिली झोनिंग नियमावली १९२३ सालची. त्याआधीचं शहर ट्रामच्या मागोमाग वाढलं होतं. आग्नेयेचं कोलंबिया सिटी हे तर १८९१ साली विजेच्या ट्रामलगत भूखंड पाडूनच वसवलेलं गाव. अशा जुन्या वस्त्यांत ट्रामच्या थांब्याजवळ दुकानं, दुकानांच्या वर बिऱ्हाडं आणि मागच्या गल्लीत घरं अशी रचना आपसूक तयार झाली होती. पुढे नियमावली कडक होत गेली, १९४१ साली शेवटची ट्राम बंद झाली, मोटारी आल्या. निवासी जमिनीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भागात एका भूखंडावर एकच घर हा कायदा होऊन बसला. जुन्या कोलंबिया सिटीत आजही लोक हौसेनं फिरायला जातात, पण तशी वस्ती बहुतेक शहरात पुन्हा बांधायची म्हटलं तर ती बेकायदा ठरली असती.

म्हणजे २००९ साली लाइट रेल आली ती या नियमांच्या शहरात. बोगद्याचं यंत्र जमिनीखालून कुठेही जाऊ शकतं. वरची नियमावली बदलायला मात्र नगरपरिषदेत हात वर करावे लागतात, आणि त्या हातांवर मतदारांची नजर असते.

हे जवळून पाहायचं तर शहराच्या उत्तरेकडच्या रूझवेल्ट स्थानकात जाऊ या. मूळ विचार असा होता की स्थानक आय-५ या महामार्गाच्या कडेला, खांबांवर बांधायचं. तिथे जमीन घ्यायला कमी त्रास आणि खर्चही कमी. रूझवेल्टच्या रहिवाशांनी आग्रह धरला की स्थानक वस्तीच्या मध्यभागी, जमिनीखाली आणा. अमेरिकेत ‘आमच्या दारात नको’ म्हणणारे रहिवासी उदंड, पण इथे लोकांनी ‘आमच्या दारातच आणा’ म्हटलं, आणि ते मान्य झालं. आज स्थानकाच्या भिंतीत स्टँडर्ड रेकॉर्ड्स या जुन्या दुकानाचा दर्शनी भाग जपून बसवला आहे.

याचं महत्त्व वर्तुळ काढल्याशिवाय कळत नाही. महामार्गालगतच्या स्थानकाच्या अर्ध्या मैलातली बरीच जमीन रस्ता, त्याचे चढ-उताराचे फाटे आणि मधली मोकळी पट्टीच गिळून टाकते. उरलेल्या जमिनीवर चोवीस तास वाहनांचा आवाज आणि धूर. पलीकडच्या बाजूच्या माणसाला सरळ अंतर दोनशे मीटर असलं तरी पुलावरून वळसा घालून यावं लागतं. लाइट रेलचा उत्तरेकडचा बराचसा मार्ग महामार्गाच्या कडेनं गेला आहे, कारण ती जमीन सरकारचीच होती. पैसे वाचले खरे, पण जिथे सर्वांत जास्त माणसं राहू शकली असती तीच जमीन डांबराखाली राहिली. घरं कुठे होणार हे झोनिंगच्याही आधी, मार्गाची आखणी करतानाच निम्मं ठरून जातं.

स्थानक तर मध्यभागी आलं, मग प्रश्न आला उंचीचा. रूझवेल्टकरांचा वाढीला सरसकट विरोध नव्हता. कुठे किती मजले चालतील याचा त्यांनी स्वतःच विचार करून ठेवला होता. वाद पेटला तो रूझवेल्ट हायस्कूलसमोरच्या भूखंडांवरून. शाळेची जुनी देखणी इमारत झाकली जाईल, म्हणून तिथे कमी उंची ठेवा, असं रहिवासी म्हणत होते. इतक्या खर्चाच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर ठेंगणी घरं ठेवणं म्हणजे जमीन वाया घालवणं, असं दुसरी बाजू म्हणत होती. २०१२ साली नगरपरिषदेनं तिथे ६५ फुटांपर्यंत बांधायला मुभा दिली.

४० की ६५ फूट यावर एवढी भांडणं का व्हावीत? पश्चिम अमेरिकेत मध्यम उंचीच्या निवासी इमारती बहुतेक लाकडी सांगाड्याच्या असतात. खालचा एक-दोन मजल्यांचा भाग काँक्रीटचा, त्यात दुकानं आणि वाहनतळ, आणि त्याच्या डोक्यावर पाच मजले लाकडाचे. ही तिथली स्वस्तात स्वस्त दाट बांधणी. ४० फुटांत तीन-चार मजल्यांवर थांबावं लागतं, ६५ फुटांत सहा मजले होतात आणि जमिनीचा खर्च जास्त घरांवर वाटला जातो. त्याच्या बरंच वर गेलं की लाकूड सोडून सगळी इमारत काँक्रीटची किंवा पोलादाची करावी लागते, आगीचे नियम बदलतात आणि खर्च एकदम उडी घेतो. त्यामुळे ६५ फुटांवर आणखी दहा फूट दिले तर घरं खरोखर वाढतात. ८५ चे १०० केले तर कागदावर उंची वाढते आणि जमिनीवर काहीच हलत नाही. नियम लिहिणाऱ्याला सुताराचं आणि गवंड्याचं गणित माहीत असावं लागतं ते यासाठी.

रूझवेल्ट स्थानक २ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालं. नियम बदलून तोवर नऊ वर्षं झाली होती. पहिली गाडी आली तेव्हा स्थानकाभोवती नव्या इमारतींत दिवे लागलेले होते, कारण तिथल्या बिल्डरांना आपल्याला काय बांधता येईल हे आधीपासून ठाऊक होतं. आता तिथून शहराच्या मध्यभागी दहा-बारा मिनिटांत पोहोचता येतं.

पण रूझवेल्टच्या २०१२ च्या निर्णयात एक उणीव होती, आणि इथेच मी सुरुवातीला काढलेला प्रश्न येतो. उंची वाढवली त्या दिवशी त्या भूखंडांची किंमत वाढली. मालकानं विटेवर वीट ठेवली नव्हती. किंमत वाढली ती रेल्वेमुळे आणि नगरपरिषदेच्या सहीमुळे. सिअ‍ॅटलमधल्या अनेक लोकांना हे खुपत होतंच. २०१५ साली महापौरांनी नेमलेल्या समितीनं यावर तोडगा सुचवला आणि २०१७ पासून तो अमलात येऊ लागला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एमएचए’ म्हणतात. मर्म सोपं आहे: शहर तुम्हाला जादा उंची देईल, पण मग तुम्ही इमारतीतली ठरावीक टक्के घरं कमी भाड्यात ठेवायची, किंवा तेवढे पैसे शहराच्या गृहनिर्माण निधीत भरायचे. जादा उंची हवी त्यानं मागावी असा ऐच्छिक मामला यात नाही. त्या पट्ट्यात बांधायचं तर अट पाळावीच लागते.

आपल्याकडे पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, अधिमूल्य भरलं की ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. विचाराचं मूळ एकच आहे: शहरानं दिलेल्या हक्काची किंमत शहराला मिळावी. फरक असा की सिअ‍ॅटलचा पैसा किंवा घरं थेट कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेली आहेत. आपल्याकडच्या चर्चेत अधिमूल्यातून मेट्रोचा खर्च किती निघेल याचा हिशेब जास्त ऐकू येतो. मला दोन्ही हिशेब महत्त्वाचे वाटतात. पण स्थानकाशेजारी मोलकरीण, वॉर्डबॉय, दुकानातली मुलगी राहू शकली नाही, तर मेट्रोची गरज ज्याला सर्वांत जास्त तोच तिच्यापासून सर्वांत लांब जाईल, ही गोष्ट पैशाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

एमएचएचे सुरुवातीचे आकडे असे. जिथे बाजारभाव तेजीत आणि जादा उंची भरपूर तिथे वाटा मोठा, जिथे मंदी तिथे लहान. घरं द्यायची तर एकूण घरांच्या ५ ते ११ टक्के, आणि तीही ७५ वर्षांसाठी. पैसे द्यायचे तर चौरस फुटामागे ५ पासून पावणेतेहतीस डॉलरपर्यंत. बदल्यात ४० फुटांच्या पट्ट्यांना ५५ फूट मिळाले, ६५ फुटांच्या पट्ट्यांना ७५. विद्यापीठालगतच्या युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमध्ये तर २०१७ साली ३२० फुटांपर्यंतच्या मनोऱ्यांना परवानगी दिली गेली. २०१९ च्या मार्चमध्ये हीच व्यवस्था एकमतानं शहरातल्या आणखी २७ वस्त्यांना लागू झाली.

यातही कचरणं होतंच. त्याच समितीनं २०१५ साली असंही सुचवलं होतं की एक-घर-एक-भूखंड पट्ट्यांत दोन-तीन बिऱ्हाडांची घरं बांधू द्यावीत. मसुदा वर्तमानपत्रात फुटला, गदारोळ झाला आणि महापौरांनी काही दिवसांतच ते कलम मागे घेतलं. २०१९ च्या बदलांतही अशा पट्ट्यांपैकी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास जमिनीला हात लागला. वाढ बहुतेक सगळी मोठ्या रस्त्यांच्या कडेला, आवाजाच्या आणि धुराच्या शेजारी ढकलली गेली. झाडांच्या शांत गल्ल्या होत्या तशा राहिल्या. भाड्यानं राहणाऱ्यांनी रस्त्यावर राहावं आणि मालकांनी गल्लीत, असा या नकाशाचा सरळ अर्थ होतो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. अखेर राज्यालाच मधे पडावं लागलं. २०२३ साली वॉशिंग्टन राज्यानं कायदा करून मोठ्या शहरांत प्रत्येक निवासी भूखंडावर किमान चार घरांना, आणि लाइट रेलसारख्या वाहतुकीपासून पाव मैलाच्या आत सहा घरांना मुभा द्यायला लावली.

उंचीवर भांडणं होतात, पण माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक बदल गाड्यांच्या जागेचा होता, आणि तो बराच शांतपणे झाला. जुन्या नियमानुसार प्रत्येक घरामागे वाहनतळात जागा ठेवणं बंधनकारक होतं. घर घेणाऱ्याकडे गाडी नसली तरी त्या जागेचा खर्च त्याच्या भाड्यात यायचाच. रेल्वेच्या दारात राहणाऱ्यालाही गाडीच्या जागेचे पैसे भरायला लावणारा हा नियम स्थानकाच्या मूळ हेतूवरच पाणी ओतत होता. सिअ‍ॅटलनं आधी मध्यवर्ती भागांत आणि २०१२ साली वारंवार बस-रेल्वे असणाऱ्या इतर वस्त्यांत तो काढून टाकला किंवा सैल केला. वाहनतळावर बंदी घातली नाही. बिल्डरला वाटलं तर त्यानं जागा ठेवावी. पुढच्या पाच वर्षांत परवाना मिळालेल्या ८६८ निवासी प्रकल्पांचा अभ्यास झाला आहे. जुन्या नियमानं जेवढ्या जागा कराव्या लागल्या असत्या त्यापेक्षा ४० टक्के कमी झाल्या: सुमारे १८,००० जागा कमी आणि ५३ कोटी ७० लाख डॉलरची बचत. भागाकार केला तर एका जागेमागे तीस हजार डॉलर येतात. एका ओळीचा नियम खोडून एवढी बचत. उंची वाढवायला अभ्यास, हरकती, सुनावण्या, कोर्टकज्जे. हे मात्र खोडरबरानं झालं.

उत्तरेच्या सीमेवरचं शोरलाइन हे उपनगर याबाबत सिअ‍ॅटलपेक्षा धीट निघालं. महायुद्धानंतरच्या बैठ्या घरांचं, मागे-पुढे हिरवळ असलेलं हे गाव. तिथली दोन स्थानकं सुरू झाली ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पण १८५व्या रस्त्यावरच्या स्थानकाभोवतीचे नियम २०१५ सालीच बदलले होते आणि दुसऱ्या स्थानकाभोवतीचे २०१६ साली. नव्या पट्ट्यांची नावंही रोखठोक आहेत: एमयूआर-३५, एमयूआर-४५, एमयूआर-७०. आकडा म्हणजे फुटांत उंची. स्थानकाला चिकटून ७०, मग ४५, मग ३५, अशी ती बाहेरच्या घरांपर्यंत उतरत जाते. उंच पट्ट्यांत पाचातलं एक घर कमी भाड्याचं ठेवणं सक्तीचं आहे, आणि त्याच्या बदल्यात मालमत्ता करात सूट.

शोरलाइनचा मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे १८५व्या रस्त्याच्या आराखड्यातले टप्पे. सगळे नियम एकदम बदलले नाहीत. स्थानकाजवळचा पट्टा २०१५ साली खुला झाला, त्याच्या पुढचा २०२१ साली आणि शेवटचा २०३३ साली होणार आहे. याचे दोन फायदे. एक, आधी स्थानकालगतची जमीन दाट होते. बिल्डर स्वस्त भूखंडाच्या मागे लांब लांब पसरत नाहीत. दुसरा माणसांचा. सत्तरीतल्या आजीला आपल्या गल्लीचा नंबर केव्हा आहे हे अठरा वर्षं आधी कळतं. तिला घर विकायचं आहे, मुलाला द्यायचं आहे की तिथेच डोळे मिटायचे आहेत, हे ती सवडीनं ठरवू शकते. सभांना आलेले सगळे त्यानं शांत झाले नाहीत, पण सरकारनं आधी सांगितलं आणि सांगितल्याप्रमाणे केलं ही गोष्ट लहान नाही.

पूर्वेला, मराठी घरांच्या ओळखीच्या बेलव्ह्यूत, गोष्ट वेगळी. बेलव्ह्यू आणि रेडमंड यांच्यामधला बेल-रेड हा सुमारे ९०० एकरांचा पट्टा गोदामं, गॅरेज, कारखाने यांचा. तिथे घरंच नव्हती, त्यामुळे शेजाऱ्यांचा विरोधही नव्हता. २००९ साली बेलव्ह्यूनं तिथले नियम बदलले. बिल्डरला आधी थोडा एफएसआय; पुढचा, स्थानकाच्या गाभ्यात ४ पर्यंतचा, हवा असेल तर परवडणारी घरं, बागा किंवा गाडलेल्या ओढ्यांचं पुनरुज्जीवन यांतून तो कमवायचा. एका किराणा कंपनीच्या ३६ एकरांच्या जुन्या वितरण केंद्राच्या जागी ‘स्प्रिंग डिस्ट्रिक्ट’ उभं राहिलं. पहिले रहिवासी २०१७ साली आले आणि रेल्वे आली २७ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे नियम बदलल्यानंतर पंधरा वर्षांनी. ओसाड जमिनीवर नवं गाव वसवणं तुलनेनं सोपं, हे यातून दिसतं. ज्या जमिनीवर आधीच माणसं राहतात तिथे खरी कसोटी लागते.

तशी जमीन म्हणजे आग्नेयेची रेनियर व्हॅली. कृष्णवर्णीय, व्हिएतनामी, सोमाली, फिलिपिनो कुटुंबांचा हा भाग. २००९ साली पहिली रेल्वे इथूनच गेली, मार्टिन लूथर किंग रस्त्याच्या मधोमध, जमिनीवरून. रेल्वे यायच्या आधीच, २००१ साली, स्थानकांभोवती खास नियम आले होते, पण रेल्वे आली तेव्हाच्या मंदीमुळे कितीतरी भूखंड वर्षानुवर्षं मोकळे पडून राहिले. मग तेजी आली आणि भाडी चढली. रेल्वेची वाट पाहत कामाचे आवाज, धूळ, बंद रस्ते ज्यांनी सोसले, तेच दक्षिणेकडे, लाइट रेल तेव्हा पोहोचलेली नव्हती अशा स्वस्त गावांकडे सरकू लागले.

नियम सैल केल्यामुळे हे घडतं की नियम घट्ट ठेवल्यामुळे, यावर तिथे कडाक्याचा वाद आहे. माझं मत असं की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. सबंध शहरात घरं वाढली की भाड्याचा चढ मंदावतो, हे पटण्यासारखं आहे. पण ज्या कोपऱ्यावरचं जुनं, स्वस्त घर पाडून नवी इमारत होते, त्या घरातल्या भाडेकरूला शहराच्या सरासरीचा काय उपयोग? त्याला त्याच परिसरात, त्याला झेपेल असं दुसरं दार उघडं असायला हवं. ते दार बाजार स्वतःहून उघडत नाही.

म्हणून मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा निर्णय २०१५ चा वाटतो. बोगदे आणि स्थानकं बांधताना साउंड ट्रान्झिट या रेल्वे संस्थेला बरीच जमीन विकत घ्यावी लागते: यंत्रं उतरवायला, माती काढायला, सामान ठेवायला. काम संपलं की ती मोकळी होते, आणि ती असते नेमकी स्थानकाच्या दारात. राज्यानं कायदा केला की अशा जादा जमिनीपैकी घरांना योग्य असलेली ८० टक्के जमीन आधी परवडणारी घरं बांधणाऱ्यांना देऊ करायची. तिथल्या किमान ८० टक्के घरांत परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेली कुटुंबंच राहतील. लोक याला ‘ऐंशी-ऐंशी-ऐंशी’ म्हणतात. रूझवेल्ट स्थानकाला लागून, बोगद्याच्या कामासाठी घेतलेल्या जागेवर, ‘सीडर क्रॉसिंग’ ही २५४ घरांची इमारत याच कायद्यातून २०२२ साली उभी राहिली. दोन ना-नफा संस्थांनी ती बांधली. रूझवेल्टच्या २०१२ च्या नियमबदलात जो वाटा मागायचा राहिला होता, तो जमिनीच्या रूपानं काही प्रमाणात परत आला. जमीन सरकारच्या हातात असताना तिचा बाजारभाव हे फक्त एक कागदी आकडा असतो; एकदा विकली की तोच आकडा प्रत्येक भाडेकरूच्या मानगुटीवर बसतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पुढे ठेवलं पाहिजे, आणि ते पोकळ नाही. वाटा फार मोठा मागितला तर इमारतच उभी राहत नाही, आणि शून्य इमारतीचे ११ टक्के म्हणजे शून्यच. व्याजदर चढले, सामान महागलं की आधी परवडत असलेली अट अचानक जड होते. एमएचएमध्ये बहुतेक बिल्डरांनी घरं देण्याऐवजी पैसे भरले. त्या पैशातून घरं होतात, पण ती त्याच इमारतीत, त्याच गल्लीत होतील असं नाही.

याच मुद्द्यावर राज्याचा मोठा कायदा दोन वर्षं अडकला होता. स्थानकांभोवती दाट घरांना सगळ्या शहरांनी मुभा द्यावी असा प्रस्ताव २०२३ साली आला आणि बारगळला. २०२४ साली पुन्हा आला, पुन्हा बारगळला. दाट घरं नकोत म्हणणारे होतेच, पण दाट घरं हवीत म्हणणाऱ्यांतही फूट होती: परवडणाऱ्या घरांची सक्ती करायची की नाही? शेवटी २०२५ साली तडजोड झाली आणि राज्यपाल बॉब फर्ग्युसन यांनी सही केली. लाइट रेल स्थानकापासून अर्ध्या मैलात सरासरी ३.५ एफएसआय, जलद बसच्या थांब्यापासून पाव मैलात २.५. वाहनतळाची सक्ती करता येणार नाही. नव्या इमारतीत दहातलं एक घर कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी, किंवा पाचातलं एक मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबासाठी, पन्नास वर्षं. आणि ही अट झेपावी म्हणून वीस वर्षांची मालमत्ता कराची सूट. म्हणजे वाटा बिल्डरकडून घेतला, पण त्यातला काही भार शहरानं आपल्या तिजोरीवरही घेतला. यात बिल्डर, भाडेकरू संघटना, नगरपालिका यांपैकी कोणालाच सगळं मिळालेलं नाही.

सिअ‍ॅटलच्या आसपासच्या शहरांना आपापली नियमावली या कायद्याप्रमाणे बदलायला २०२९ च्या अखेरीपर्यंत मुदत आहे. एखाद्या नगरपरिषदेनं चालढकल केली, तर राज्याच्या वाणिज्य विभागानं तयार केलेली नमुना नियमावली तिच्या स्थानकांभोवती लागू होईल, मग तिथल्या सभागृहात कोणी हात वर केला असो वा नसो.